मी पाटावर बसले नाही

मी ओकले आणि अंगणात बेंजो वाजायला लागला.

धाकट्या नणंदेची हळद होती. भर दुपार. मांडवात पंगत बसलेली. मी मोरीच्या दाराशी भिंतीला हात लावून वाकले होते. तांदळाची भाकरी आणि मटण जसंच्या तसं बाहेर येत होतं. छातीत कळ. डोळ्यांतून पाणी. मागून सासू आली. मला वाटलं पाणी देईल. तिने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि मांडवाकडे तोंड करून ओरडली, "अगो बायांनो, ओकली गो! माझ्या सुनेला दिवस गेलं!"

मग काय विचारता. बेंजोवाल्यांना सांगितलं, वाजवा. कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. बायका पंगतीतून उष्ट्या हातांनी उठून आल्या. एकीने माझा पदर बाजूला केला, दुसरीने पोटावर हात फिरवला. मी अजून तोंडही धुतलं नव्हतं. चुलतसासूने माझ्याकडे खालून वर बघितलं आणि म्हणाली, "भाकड म्हैस गाभण राहिली बाय एकदाची."

सगळ्या हसल्या. सासूसुद्धा. प्रेमाने म्हटलेलं होतं म्हणे ते.

मी मांडवात नवऱ्याला शोधलं. तो खांबाला टेकून उभा होता. लोक त्याला मिठ्या मारत होते, पाठीवर धपाटे घालत होते. तो मान खाली घालून हसत होता. त्याला माहीत होतं की मला दिवस गेलेले नाहीत. माझ्या गर्भपिशवीत तांबी बसवलेली होती. दीड महिन्यापूर्वी, डॉक्टरच्या सांगण्यावरून, त्याच्यासमोर. त्या अख्ख्या मांडवात ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. एक मी. दुसरा तो.

तो गप्प राहिला.

आधीचं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

मी भिवंडीतल्या टेमघरची. आम्ही आगरी, सासरचेही आगरी. पण आगऱ्या-आगऱ्यांतही फरक असतो. माझ्या आज्याने जमीन कधीच विकून खाल्ली होती. बाप दुसऱ्याच्या लूमवर बारा तासांची ड्युटी करायचा. आई घरी बसून कांड्या भरायची. लूमच्या धोट्यात सुताची कांडी लागते, ती. शाळेतून आले की मीपण भरायला बसायचे. पहिली पाळी चौदाव्या वर्षी आली आणि नंतर पाच महिने गायब झाली. आई म्हणाली, लग्न झालं की सुधारेल. आमच्याकडे पोरीच्या प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. हनुवटीवर केस यायला लागले, ते मी दोरा फिरवून काढायचे. आणि अंग सुटत गेलं. घरात खायला असं काय मोठं होतं? तरी सुटत गेलं.

सासरची माणसं जवळच्याच पूर्णा गावची. जमीनवाली. एका लग्नात नवऱ्याने मला बघितलं आणि हट्ट धरून बसला. सासू म्हणाली होती, "जाड हाय, पण कामाला वाघीण हाय." तेव्हा मला त्यात कौतुक वाटलं. मूर्ख होते मी.

सहा वर्षं झाली, पोर नाही. भिवंडीतल्या एका डॉक्टरबाईने सोनोग्राफी केली आणि म्हणाली, पीसीओडी आहे. बीजकोशात बारीक बारीक फुगे असतात, त्यातून बीज वेळेवर सुटत नाही, वजन वाढतं, आणि वजन वाढलं की ते दुखणं आणखी वाढतं. असं एकातून एक. गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "वजन कमी करा." जसं काय मी हौसेने वाढवत होते! उपास केले. भात सोडला. पहाटे उठून पडघ्याच्या रस्त्याने चालले, मागून ट्रकवाले हॉर्न मारत जायचे आणि काहीबाही बोलायचे. दोन किलो उतरायचे, चार चढायचे. नवऱ्याचीही तपासणी झाली, त्याचा रिपोर्ट चांगला आला. मग तर सगळा दोष माझ्याच नावावर. हळदीकुंकवाला ओटीचं ताट माझ्यासमोर आलं की सासू डोळ्याने खुणवायची आणि ताट पुढच्या बाईकडे सरकायचं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या बाजूच्या भातशेतीत गोडाऊनं उभी राहत होती. सासऱ्यांनीही जमीन दिली. त्यातून बंगला झाला, गाडी आली, आणि माझं ऑपरेशन ठरलं. मला कोणी विचारलं नाही. कुणाच्या तरी नात्यातल्या बाईचं मुंबईत पोट लहान करायचं ऑपरेशन झालं होतं, वजन उतरलं होतं आणि तिला पोर झालं होतं. सासऱ्यांनी ऐकलं आणि ठरवून टाकलं.

सर्जनबाईंच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. सासू-सासरे पुढच्या खुर्च्यांवर, आम्ही दोघं मागे उभे. माझं वजन तेव्हा एकशे सोळा. सासरे म्हणाले, "डॉक्टर, ऑपरेशन झालं की किती महिन्यांत होईल?"

"काय होईल?"

"पोर."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघून बोलल्या. त्या केबिनमध्ये माझ्याकडे बघून बोलणाऱ्या त्या एकट्याच. म्हणाल्या, "वजन उतरलं की बऱ्याच जणींची पाळी सुधारते, दिवस राहायची शक्यता वाढते. खात्री कोणी देणार नाही. आणि ऑपरेशननंतर निदान दीड वर्ष दिवस राहता कामा नयेत. शरीर तेव्हा स्वतःलाच पुरत नसतं."

सासऱ्यांनी पहिलं वाक्य ऐकलं. शेवटचं त्यांनी ऐकून सोडून दिलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "शक्यता हाय म्हणली."

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर पाच भोकं. पंधरा दिवस नुसतं पाणी, मुगाचं कढण, ताक. मग वाटीभर मऊ भात. ते संपायला मला अर्धा तास लागायचा. घाई केली, जास्त खाल्लं की सगळं बाहेर. वजन मात्र उतरायला लागलं. केस गळायचे, मुठीमुठीने. पण जिना चढताना दम लागेना. आणि तिसऱ्या महिन्यात पाळी आली. गोळी न घेता. आपली आपण.

मोरीत बसून मी रडले. आनंदाने रडले. लोकांना वाटतं पाळी म्हणजे कटकट. बत्तीस वर्षांची होते मी आणि माझं शरीर पहिल्यांदा माझ्याशी नीट वागलं होतं.

डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "आता जपायचं. आता दिवस राहू शकतात, आणि आता राहायला नकोत." रिपोर्टमध्ये रक्त कमी होतं, बाकीचंही बरंच कमी होतं. पोर राहिलं तर ते माझ्या हाडांतलं ओढून घेणार, आणि तरी त्याला पुरणार नाही. मग तांबी बसवायचं ठरलं. नवरा शेजारी होता. त्याने डॉक्टरांसमोर मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाला, "घरी मी सांगतो. तू काय बोलू नको."

मी बोलले नाही. त्याने सांगितलं नाही.

आता या हळदीवर. पंगतीत मी वाटीभर वरणभात घेऊन बसले होते. सासूला ते बघवेना. आमच्यात पाहुण्यांसमोर सुनेचं ताट रिकामं दिसणं म्हणजे घराची नाचक्की. ती आली आणि माझ्या ताटात दोन भाकऱ्या आणि मटण वाढलं. मी हात आडवा धरला. "आई, मला नाही जात." ती म्हणाली, "सगळा गाव बघतंय. लोक बोलतील, पैशेवाल्यांनी सुनेला उपाशी मारली. खा गो." चार बायका कौतुकाने बघायला लागल्या. मी खाल्लं. भराभर खाल्लं, लवकर सुटका व्हावी म्हणून. आणि मग मोरी.

म्हणजे बघा, तिनेच कोंबलं, तिच्यामुळेच ओकले, आणि तिनेच त्याचं पोर केलं. वर महिन्याची तारीखही उलटून गेली होती. सासू माझ्या पाळीचा हिशोब माझ्यापेक्षा चोख ठेवायची. चाळीस दिवस झाले होते. माझी पाळी मागेपुढे होतच असे, पण तिची आता खात्रीच पटली होती.

नवऱ्याला मी माडीवरच्या खोलीत गाठलं. "तुम्हाला माहितीय. खाली जा आणि सांगा."

"आजचा दिवस जाऊ दे. बहिणीची हळद हाय."

"फटाके लावले तुमच्या घरच्यांनी!"

"आई सहा वर्षांनी हसली गं," तो म्हणाला.

त्याला रडू येत होतं. खरंच येत होतं. मलाही त्याची दया आली. इथेच माझी चूक झाली. मी त्या दिवशी गप्प बसले.

मग मलाच भीती वाटायला लागली. तांबी असूनही कधी कधी राहतं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. खरंच राहिलं असेल तर? लग्न उरकलं तशी मी रिक्षा करून कल्याण नाक्यावर गेले, मेडिकलमधून पट्टी आणली, सकाळी बघितली. एकच रेघ. नव्हतं काही. मी ती पट्टी नेऊन सासूच्या हातात दिली. म्हटलं, "आई, दिवस गेलेले नाहीत. जास्त खाल्लं म्हणून ओकले." तिने पट्टी उलटीसुलटी केली आणि केरात टाकली. "त्या कागदाला काय कळतंय? मी पाच बाळंतपणं केली. मना म्हाईत हाय."

मी म्हटलं, "मला तांबी बसवलीय. ह्यांना विचारा."

तिचं तोंड बघायला हवं होतं. तिने लेकाला हाक मारली. तो आला. तिने विचारलं, "काय रं, खरं?" आणि माझा नवरा, ज्याने डॉक्टरसमोर मान हलवली होती, तो म्हणाला, "मला नक्की म्हाईत न्हाय. तिलाच डॉक्टरनी काय ते सांगितलं असंल."

कानावर हात! दीड फुटावर उभी होते मी.

पण सासू बनेल. ती आरडाओरडा करत बसली नाही. तिने मनातल्या मनात जे काय ठरवायचं ते ठरवलं, कारण चोरचोळीचं आमंत्रण तोवर गेलेलं होतं. चोरचोळी म्हणजे तिसऱ्या महिन्याची पहिली ओटी. नाव चोराचं, खरं तर गुपचूप चार जणींत करायची. आमच्या बंगल्यात गुपचूप काही होत नाही. तीस-चाळीस बायका बोलावल्या होत्या. टेमघरहून माझी आई हिरवा खण घेऊन आली. उधारीवर आणलेला असणार, मला तिची पिशवी बघून कळतं.

त्याच सकाळी माझी पाळी आली.

मला बरं वाटलं. म्हटलं, सुटले. आता तरी कोणी काही म्हणू शकणार नाही. मी सासूला आतल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं. तिने दार लावून घेतलं. हळू आवाजात, एकेक शब्द मोजून बोलली. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"आज पाटावर बस. ओटी घे. चार दिवसांनी सांगू, पडलं म्हणून. आनि सोमवारी जाऊन ती तांबी काढून ये. पुढच्या महिन्यात खरंच राहील. कोणाला कळनार न्हाय."

मी म्हटलं, "आई, मला पाळी आलीय."

"मग काय झालं?"

मग काय झालं! ज्या घरात सहा वर्षं मी चार दिवस बाजूला बसले. लोणच्याच्या बरणीला हात लावला म्हणून अख्खी बरणी ओतून दिली होती या बाईने. देवघराच्या दारासमोरून माझी सावली गेली तरी शिव्या. आणि आज तीच बाई मला त्याच अंगाने हळदीकुंकवाच्या पाटावर बसवायला तयार होती. विटाळ म्हणे! कसला विटाळ? घराची अब्रू वाचत असली की विटाळ बिटाळ काही नसतो. इतकी वर्षं मी देवाला घाबरत होते. देव यात कुठे नव्हताच. तेव्हा, त्या बंद खोलीत, मला हे लख्ख कळलं.

आणि दुसरं कळलं ते जास्त वाईट. मी मेले असते तरी चाललं असतं. डॉक्टरने केबिनमध्ये सांगितलं होतं, शरीर स्वतःलाच पुरत नाही, दीड वर्ष थांबा. हिने ते ऐकलेलं होतं. ती काही अडाणी नव्हती. ऐकून, समजून ती म्हणत होती, सोमवारी काढून ये.

तिने माझा दंड धरला आणि बाहेर नेलं. बैठकीच्या खोलीत पाट मांडलेला, भोवती रांगोळी. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. आई कोपऱ्यात, खण मांडीवर घेऊन. नवरा दारात. सासरे बाहेर ओटीवर. चुलतसासूने कुंकवाचा करंडा उघडला आणि म्हणाली, "बस गो बाय. लाजू नको."

खोटं कशाला सांगू, मी खूप घाबरले होते. वाटलं, बसून टाकावं. चार दिवसांचा तर प्रश्न. मग आईकडे नजर गेली. ती डोळ्यांनी विनवत होती, बस, बाय, बस. तिला काहीच माहीत नव्हतं आणि तरी ती विनवत होती. जन्मभर तिने हेच केलं होतं. आणि मला एकदम तिडीक आली. तिची नाही. त्या विनवण्याची.

मी उभ्या उभ्या बोलले. मोठ्याने.

"मला दिवस गेलेले नाहीत. मला आज सकाळी पाळी आलीय. माझ्या पोटात तांबी आहे, ती डॉक्टरने बसवलीय, ह्यांच्यासमोर बसवलीय. दीड वर्ष मला पोर नकोय, कारण आत्ता राहिलं तर मी जगेन की नाही सांगता येत नाही. मी या पाटावर बसणार नाही."

सासू म्हणाली, "येड लागलंय हिला." चुलतसासूने करंडा पटकन मिटला. मी नवऱ्याकडे वळले. "सांगा."

तो जमिनीकडे बघत राहिला.

"सांगा. एकदा तरी सांगा."

तो वळला आणि ओटीवर बापाजवळ जाऊन उभा राहिला. बस. सहा वर्षांचा संसार मला तेवढ्या चार पावलांत कळला.

आत आले ते सासरे. ते माझ्याशी कधी थेट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "ज्या पोटासाठी आम्ही जमिनीचा पैसा घातला, ते पोट आमच्या कामाला येत नसंल तर आमच्या घरात ठेवू नको. सोमवारी तांबी काढायची, न्हायतर बापाकडं जायचं."

"सोमवारपर्यंत कशाला थांबू?" मी म्हटलं. "आजच जाते."

आईने खण घडी करून पिशवीत घातला. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "खरंच मेली असतीस?" मी म्हटलं, असती कदाचित. मग ती बराच वेळ रडली आणि नंतर शिव्या द्यायला लागली. सासूला, सासऱ्यांना, जावयाला, ओळीने. मी तिला कधी शिव्या देताना ऐकलं नव्हतं. रिक्षावाला यूपीचा, त्याने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "सही है अम्मा." माझी आई त्यालाही दोन देऊन बसली.

माहेरीही काही गालिचे अंथरलेले नव्हते. बाप आठ दिवस बोलला नाही. चाळीत कुजबुज. मी एका फोल्डिंगच्या कारखान्यात कामाला लागले, कापडाचे तागे तपासायचे, डाग आणि तुटका धागा शोधायचा. जेवायच्या सुट्टीत डब्यातली वाटीभर उसळ अर्धा तास खात बसायचे. बाकीच्या बायका विचारायच्या, मी सांगायचे. सगळं सांगायचे. मला आता लपवायचं काही नव्हतं. नवरा तीनदा आला. तिन्ही वेळा म्हणाला, आईला समजावतोय. तिसऱ्या वेळी मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "तुमच्या आईला माझं सगळं समजलेलं आहे. तुम्हाला समजायचं राहिलंय. समजलं की या." डॉक्टरबाईंकडे मी एकटी जात राहिले. दर खेपेला त्या विचारायच्या, तांबी राहू द्यायची ना? दर खेपेला मी म्हणायचे, राहू द्या.

दीड वर्षही झालं. त्याला आता बरीच वर्षं लोटली.

ही हकिकत मी सांगितली की बायका डोळे पुसतात, आणि मग एकजण हळूच विचारते, "मग पुढं झालं का गं?" चांगल्या मनाने विचारतात. मला राग येतो तरी. झालं म्हटलं तर म्हणतील, बघा, तिचं बरोबर होतं. नाही म्हटलं तर म्हणतील, ऐकलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे मी त्या दिवशी उभी राहिले ते चूक की बरोबर, ते ठरवणार कोण, तर पोर!

म्हणून मी सांगत नाही. कोणालाच सांगत नाही. मला पोर हवं होतं, जिवापाड हवं होतं, पण मी जिवंत राहिले हे त्याच्याशिवायही पुरेसं आहे. ज्याला हे पुरेसं वाटत नाही, त्याने माझ्या दारात येऊ नये.